ई-संसाधनांच्या करारातलं एआयचं कलम: सही करण्याआधी काय बदलून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ई-जर्नल्सच्या पॅकेजचं नूतनीकरण आलं आहे. मसुदा मागच्या वेळचाच आहे, फक्त प्रकाशकाने त्यात एक नवं कलम घातलं आहे: "परवानाधारक आणि अधिकृत वापरकर्ते परवानाप्राप्त साहित्याचा कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्ता साधनासोबत किंवा अशा साधनाच्या संदर्भात कोणत्याही प्रकारे वापर करणार नाहीत, आणि तसा वापर होणार नाही याची खात्री परवानाधारक देईल." विक्री प्रतिनिधीचं म्हणणं, हे आमचं सगळीकडचं धोरण आहे, यात बदल होत नाही. इकडे एका प्राध्यापिकेला काही हजार सारांशांचं संगणकाकडून वर्गीकरण करून घ्यायचं आहे, आणि विद्यार्थी तर पीडीएफ चॅटबॉटला देऊन प्रश्न विचारतातच. सही करावी की नाही?

या शब्दांवर करू नये. पण अख्खं कलम खोडून मसुदा परत पाठवा, असंही मी सांगणार नाही. एक तर प्रकाशकाचा कायदा विभाग ते मान्य करत नाही आणि चर्चा तिथेच अडते. दुसरं म्हणजे, करार एआयबद्दल गप्प राहिला तर वाद होईल तेव्हा "स्वयंचलित साधनांनी उतरवून घेण्यास मनाई", "व्युत्पन्न कृती (मूळ मजकुरावरून घडवलेली नवी कृती) करण्यास मनाई" अशी जुनी कलमं पुढे केली जातात. ती क्रॉलर आणि बॉट, म्हणजे मजकूर आपोआप गोळा करणारे प्रोग्राम, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली होती, आज त्यांचा अर्थ कसाही ताणता येतो. म्हणून कलम राहू द्या, मात्र ते मनाईचं न ठेवता परवानगीचं करून घ्या.

आधी या एका वाक्यात किती काय अडकलं आहे ते पाहा. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, याची व्याख्याच मसुद्यात नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा, करणारे अनेक संशोधक एएसरिव्ह्यू नावाची मुक्तस्रोत प्रणाली वापरतात. ती संशोधकाच्याच संगणकावर चालते. शीर्षक आणि सारांश वाचून, संशोधकाने दिलेल्या हो-नाहीवरून शिकत शिकत, पुढचा कोणता लेख आधी वाचावा हे ती सुचवते. त्यामागे बऱ्याचदा साधं सांख्यिकीय वर्गीकरण असतं. एक ओळही बाहेर जात नाही. तरी वरच्या शब्दांप्रमाणे हा करारभंग ठरतो. दृष्टिहीन वाचक जॉज हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो, त्यातली पिक्चर स्मार्ट सुविधा लेखातल्या आलेखाचं वर्णन करून सांगते, तोही करारभंग. यांत्रिक भाषांतर, स्कॅन केलेल्या जुन्या अंकांचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं), ब्राउझरमधलं वाचून दाखवणं, सगळंच त्यात येतं. प्रकाशकाच्या मनात हे नसेल, पण वाद मनावर चालत नाही, शब्दांवर चालतो.

व्याख्या मागा, असा सल्ला यावर नेहमी दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातली व्याख्या उचलून करारात घालण्याचा मोह होतो. ती प्रणालींचं नियमन करण्यासाठी केलेली आहे, म्हणून मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. मनाईच्या कलमात ती बसवली की मनाईही तेवढीच रुंद होते. तंत्रज्ञानाचं नाव सोडून द्या आणि मजकुराचं काय होतं ते विचारा. मजकुराची प्रत संस्थेबाहेर जाते का? गेली तर ती तिथे राहते का? आणि ज्यांच्याकडे परवाना नाही अशांच्या हाती तो मजकूर, किंवा त्याची जागा घेईल असं काही, पडतं का? हे तीन प्रश्न कोणत्याही साधनाला लावता येतात, उद्या नवं काही आलं तरी.

प्रकाशकाची भीतीही याच तीन प्रश्नांत आहे आणि ती खोटी नाही. एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर देणं हा त्यांच्यासाठी स्वतंत्र बाजार झाला आहे. टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशन संस्थेची मूळ कंपनी इन्फॉर्मा हिने मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी झालेला करार जाहीर केला, त्यातली सुरुवातीची रक्कमच सुमारे १ कोटी डॉलर होती. वायली या प्रकाशकानेही त्याच वर्षी अशा एका व्यवहारातून २.३ कोटी डॉलर मिळाल्याचं सांगितलं. ज्या मालाला ही किंमत येते, तो ग्रंथालयाच्या लॉगिनमधून फुकट बाहेर पडेल ही त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. प्रतिनिधीशी बोलताना मी हे स्वतःहून मान्य करतो: प्रशिक्षणासाठी मजकूर बाहेर जाऊ नये हे आम्हालाही मान्य आहे, तेवढंच नेमकं लिहू या. चर्चा पुढे सरकते ती इथून.

आता नेमकं लिहायचं तर प्रशिक्षण आणि वापर यांतला फरक कागदावर यायला हवा. मोठं मॉडेल प्रशिक्षित होतं तेव्हा मजकुराचा परिणाम त्याच्या भारांकांत, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यांवर चालतं त्यांत, कायमचा मुरतो आणि मागाहून तो वेगळा काढणं जवळपास अशक्य असतं. शिवाय काही मॉडेल प्रशिक्षणातले उतारे जसेच्या तसे ओकतात, हेही दिसून आलं आहे. याउलट, तयार मॉडेलला एक लेख देऊन त्यावर प्रश्न विचारला, तर तो लेख त्या संभाषणापुरता स्मृतीत असतो. मॉडेलमध्ये काहीच बदलत नाही. पण तो लेख सेवेच्या सर्व्हरवर गेलेला असतो, आणि पुढे त्याचं काय होईल हे त्या सेवेच्या अटींवर ठरतं. वैयक्तिक खात्यांवरचं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा अनेक सेवा स्वतःकडे ठेवतात, वापरकर्त्याने बंद करेपर्यंत. संस्थेने घेतलेल्या सशुल्क सेवेत साधारणपणे तसं न करण्याची लेखी हमी मिळते. म्हणजे चॅटबॉट तोच, पण खातं कोणतं यावर उत्तर बदलतं. सरसकट बंदीत ही रेषाच पुसली जाते.

दोन्हींच्या मधे एक प्रकार आहे आणि संशोधकांना खरी गरज त्याचीच असते. बर्टसारखं छोटं भाषा मॉडेल घेऊन ते आपल्या विषयाच्या काही हजार लेखांवर थोडं आणखी शिकवायचं, म्हणजे ते लेखांची वर्गवारी करतं किंवा औषधांची नावं शोधून देतं. तांत्रिकदृष्ट्या हे प्रशिक्षणच आहे. पण असं मॉडेल निबंध लिहीत नाही, फक्त लेबल लावतं, आणि विभागाच्या सर्व्हरवर राहतं. प्रशिक्षणाला मनाई, एवढंच लिहून मोकळे झालात तर हे संशोधन बंद पडेल. म्हणून "त्रयस्थांना उपलब्ध असलेल्या मॉडेलचं प्रशिक्षण" असे शब्द हवेत.

मी साधारण असा मजकूर पाठवतो: "अधिकृत वापरकर्ते संशोधन, अध्यापन आणि अध्ययनासाठी परवानाप्राप्त साहित्य कृत्रिम बुद्धिमत्ता साधनांसोबत वापरू शकतील. मात्र त्रयस्थांना उपलब्ध असलेल्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी साहित्य वापरलं जाणार नाही. सेवा पुरवण्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या तात्पुरत्या साठवणीपलीकडे ते साधनाकडे ठेवलं जाणार नाही. आणि साहित्याचा भरीव भाग, किंवा त्याची जागा घेईल असं व्यापारी उत्पादन, अधिकृत वापरकर्त्यांबाहेर वितरित केलं जाणार नाही."

यातली तात्पुरत्या साठवणीची सवलत सोडू नका. प्रकाशकाचा वकील बहुतेक वेळा ती काढून "साधन कोणतीही प्रत ठेवणार नाही" असं करून पाठवतो. ते निरुपद्रवी दिसतं. पण दूरच्या सर्व्हरवर चालणारी जवळजवळ प्रत्येक सेवा गैरवापर तपासण्यासाठी काही काळ नोंदी ठेवते. त्यामुळे एवढे शब्द गेले की परवानगी कागदावर राहते आणि प्रत्यक्षात कोणतीच सेवा त्यात बसत नाही.

तुमच्या मसुद्यातला सगळ्यात घातक भाग मात्र शेवटचा आहे, "खात्री परवानाधारक देईल". सगळे मनाईच्या शब्दांवर चर्चा करतात आणि हे तसंच राहून जातं. हजारो वापरकर्ते घरून, वसतिगृहातून, स्वतःच्या फोनवर लेख उतरवतात. त्यातल्या कोणी तो कुठे चिकटवला, हे ग्रंथपालाला कळण्याचा मार्गच नाही, आणि कळावं म्हणून वाचकांवर पाळत ठेवणं ग्रंथालयाने करू नये असंच मी म्हणेन. जी गोष्ट आपल्या हातात नाही तिची हमी दिली, की पहिल्याच दिवसापासून करारभंग सुरू होतो. फक्त तो केव्हा उघडकीस येतो एवढाच प्रश्न उरतो. त्याच्या जोडीला करारात दुसरीकडे नुकसानभरपाईचं कलम असेल तर दोन्ही एकत्र वाचा. स्वतंत्र वाचल्यावर सौम्य वाटणारी ही दोन कलमं एकत्र आली, की एका विद्यार्थ्याने केलेल्या अपलोडसाठी संस्थेकडून भरपाई मागता येते.

इथे मी हे शब्द सुचवतो: "परवानाधारक या अटींची माहिती वापरकर्त्यांना देण्यासाठी वाजवी प्रयत्न करेल आणि उल्लंघन निदर्शनास आल्यास ते थांबवण्यासाठी प्रकाशकाला सहकार्य करेल. वापरकर्त्याने केलेल्या उल्लंघनाला परवानाधारक जबाबदार राहणार नाही, परवानाधारकाने ते माहीत असूनही चालू दिलं असेल तर गोष्ट वेगळी." प्रवेश तोडण्याचा अधिकारही याच वेळी आवळून घ्या. संशय आला की प्रकाशकाची यंत्रणा पूर्ण आयपी श्रेणी (संस्थेच्या सगळ्या इंटरनेट पत्त्यांचा गट) बंद करते आणि परीक्षेच्या तोंडावर सगळ्या संस्थेची जर्नल्स जातात. बंद करायचं तर त्या एका वापरकर्त्याचं सत्र करा, आम्हाला तत्काळ कळवा, आणि चूक दुरुस्त करायला ३० दिवस द्या, असं लेखी घ्या.

आता कायदा. कायदा मुभा देतो, मग कराराची काय पत्रास, असं म्हणणारे भेटतात. हे देशादेशावर अवलंबून आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संशोधन संस्थांना आणि ग्रंथालयांसारख्या वारसा संस्थांना, कायदेशीर प्रवेश असलेल्या साहित्यावर वैज्ञानिक संशोधनासाठी टेक्स्ट-डेटा मायनिंग (मोठ्या मजकुराचं संगणकाकडून विश्लेषण) करता येतं, आणि सातव्या कलमाप्रमाणे याविरुद्ध जाणारी कराराची अट अमलात आणता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून बिगरव्यापारी संशोधनाला अशीच मुभा आहे आणि ती करारानेही काढून घेता येत नाही. सिंगापूरच्या २०२१ च्या कायद्यात ती व्यापारी वापरालाही लागू आहे, आणि तिथेही करार तिच्या आड येऊ शकत नाही. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. पूर्ण मजकुरात शोध घेता यावा म्हणून पुस्तकं स्कॅन करणं हा योग्य वापर (फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर) आहे, हे हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथसंग्रहाच्या खटल्यात २०१४ मध्ये आणि गूगल बुक्स खटल्यात २०१५ मध्ये ठरलं. पण तो वापर करणार नाही असं तुम्ही करारात लिहून दिलं, तर कॉपीराइटचा बचाव तुम्हाला करारभंगातून सोडवेलच असं नाही. भारताच्या कायद्यात संशोधनासाठीच्या उचित वापराची तरतूद आहे, मायनिंगसाठी वेगळा अपवाद नाही, आणि कराराने तो हक्क काढून घेता येणार नाही असंही कुठे म्हटलेलं नाही. जिथे संरक्षण कायद्यात नाही, तिथे करारातली ओळ हेच संरक्षण.

प्रशिक्षण योग्य वापरात बसतं का, यावर अमेरिकी न्यायालयं अजून एका सुरात बोलत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये थॉमसन रॉयटर्सने भरलेल्या खटल्यात रॉस इंटेलिजन्स या एआय कंपनीचा योग्य वापराचा बचाव फेटाळला गेला. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन न्यायाधीशांनी, वेगवेगळ्या कारणांनी, प्रशिक्षणाच्या मुद्द्यावर एआय कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. अशा वेळी तीन वर्षांच्या करारात आजच हक्क सोडून देणं म्हणजे पुढे निकाल कसाही लागो, आपल्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून ही ओळ प्रत्येक करारात घालून घ्या: "या करारातील कोणतीही अट लागू कायद्याने दिलेल्या अपवादांवर आणि हक्कांवर मर्यादा घालणार नाही." आणि कोणत्या देशाचा कायदा लागू, हे कलम त्याच बैठकीत वाचा. हक्क राखून ठेवले, पण लागू कायदा ते हक्क न देणाऱ्या देशाचा निघाला, तर त्या ओळीत काही उरत नाही.

पॅकेजमधले कितीतरी लेख मुक्त प्रवेशाचे असतात, हेही विसरू नका. सीसी बाय या खुल्या परवान्याखालचा लेख श्रेय देऊन कोणालाही, कशासाठीही वापरता येतो. तुमचं कलम "परवानाप्राप्त साहित्य" म्हणत त्यालाही बांधून टाकतं. मुक्त प्रवेशाच्या साहित्याला त्याचाच परवाना लागू राहील, असं एक वाक्य पुरतं आणि प्रकाशक सहसा खळखळ करत नाहीत.

करार संपताना काय, हा मुद्दा संशोधकांसाठी जिव्हाळ्याचा आहे. "सर्व प्रती आणि त्यांपासून तयार झालेली सर्व सामग्री नष्ट करावी" असं वाक्य असेल तर प्राध्यापिकेचं वर्गीकरणाचं मॉडेल, मोजणीची कोष्टकं, सगळं त्यात जातं. शोधनिबंध छापून आल्यावर कोणी पडताळणी मागितली तर दाखवायला काही राहणार नाही. मूळ लेखांच्या प्रती काढून टाकू, पण विश्लेषणाचे निष्कर्ष आणि पडताळणीसाठी लागणारं मॉडेल संशोधकाकडे राहील, असं लिहून घ्या.

दुसऱ्या बाजूने येणारं एआयही बघायला हवं. प्रकाशक आणि संदर्भसूची पुरवणाऱ्या कंपन्या आता स्वतःची साधनं देतात. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीचं स्कोपस एआय जानेवारी २०२४ मध्ये आलं, वेब ऑफ सायन्स या तशाच सूचीचा संशोधन सहायकही त्याच वर्षी. वाचकाला इतर कोणत्याही साधनाची मनाई करायची आणि आपलं साधन वेगळ्या दराने विकायचं, असं एकाच मसुद्यात दिसलं तर ते बोलून दाखवा. शिवाय वाचक तिथे जे विचारतात त्या प्रश्नांचं काय होतं? एखादा विद्यार्थी आजाराबद्दल, कायद्याच्या पेचाबद्दल विचारतो. ती नोंद कोणाकडे, किती दिवस, आणि मागे कोणत्या कंपनीचं मॉडेल आहे? वाचकांचे प्रश्न प्रशिक्षणासाठी वापरणार नाही, हे लेखी हवं. साधन संस्थेच्या पातळीवर बंद करता येतं का, मागे घेतलेले (चुकांमुळे रद्द ठरवलेले) शोधनिबंध उत्तरांतून वगळले जातात का, स्क्रीन रीडरवर ते चालतं का, हेही विचारा. माझ्या अनुभवात मागे घेतलेल्या निबंधांच्या प्रश्नावर प्रतिनिधी बहुधा "तांत्रिक विभागाला विचारून सांगतो" म्हणतात. ते उत्तर ईमेलवर येईपर्यंत साधन सुरू करू नका.

आणखी एक वाक्य शोधा: "वेळोवेळी सुधारित केल्याप्रमाणे संकेतस्थळावरील एआय धोरण लागू राहील." हे राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया, कारण ते पान प्रकाशक एका रात्रीत बदलू शकतो. सही केलेला करार आणि संकेतस्थळावरच्या अटी यांत विसंगती आली तर करार वरचढ, असं स्पष्ट लिहा.

"धोरण बदलत नाही" हे प्रतिनिधीचं वाक्य शेवटचं मानू नका. त्याला अधिकार नसतो, एवढाच त्याचा अर्थ. बदल सुचवलेला मसुदा ट्रॅक चेंजेससह पाठवा, सोबत प्रत्येक बदलाचं एका ओळीचं कारण द्या, आणि कायदा विभागाकडून लेखी उत्तर मागा. एएसरिव्ह्यू आणि स्क्रीन रीडरची उदाहरणं घाला. हे थांबवायचं आहे का, असा थेट प्रश्न विचारला की हो म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीने, आयकॉल्कने, मार्च २०२४ मध्ये एआय परवान्यांवर निवेदन काढलं आहे, त्याचा रोख सरसकट बंदीविरुद्धच आहे, तेही जोडा. तुम्ही एखाद्या कन्सोर्टियममधून, म्हणजे ग्रंथालयांच्या खरेदी संघातून, खरेदी करत असाल तर एकट्याने भांडू नका, समन्वयकाला आधी कळवा. आणि हे सगळं मुदत संपण्याच्या किमान तीन-चार महिने आधी सुरू व्हायला हवं. शेवटच्या आठवड्यात प्रवेश तुटण्याची भीती तुमच्या बाजूला असते, त्यांच्या नाही.

तरीही हलले नाहीत आणि जर्नल्स सोडता येण्यासारखी नसतील, तर मी दोन गोष्टींवर अडून बसतो: हमीच्या जागी वाजवी प्रयत्न, आणि कायद्याने दिलेले हक्क राखणारी ओळ. एवढं मिळालं तर एक वर्षापुरती सही करा, तीन वर्षांची नको, आणि हरकत नोंदवलेलं पत्र फाइलला लावा. ही दोनही मिळत नसतील तर निर्णय ग्रंथपालाच्या पातळीवर घेऊ नका. जोखीम संस्थेची आहे, ती प्राचार्यांच्या आणि संस्थेच्या वकिलांच्या समोर लेखी ठेवा.

प्राध्यापिकेला आजच सांगा की जुना करार चालू आहे तोवर त्यातलं मायनिंगचं कलम काय म्हणतं ते तुम्ही दोघं मिळून वाचाल. सारांश निर्यातीच्या अधिकृत मार्गाने किंवा प्रकाशकाच्या एपीआयमधून (प्रोग्रामने थेट माहिती घेण्याची अधिकृत सोय) घ्यावेत, पानं खरवडणारी स्क्रिप्ट लावू नये, कारण आयपी बंद होण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. वर्गीकरण आपल्याच संगणकावर करता येईल. विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाच्या पानावर चार ओळी लावा: कोणत्या खात्यावर लेख द्यायला हरकत नाही, कोणत्या खात्यावर देऊ नये, आणि शंका आली तर कोणाला विचारायचं. वाजवी प्रयत्न केले हे दाखवायची वेळ आली, तर तारखेसह ठेवलेलं तेच पान तुमचा पुरावा असेल.